गोवराच्या साथीत लसीची बाटली दाखवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

हे पत्र हेल्थ पोस्टवर, म्हणजे पालिकेच्या वस्तीतल्या दवाखान्यात, पाठवलं असतं तर फाइलला लागलं असतं. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी आणि आजूबाजूच्या वस्त्यांत गोवर पसरला, तेव्हा जो तो एकच म्हणत होता: इथल्या आईबापांना लस नको असते. पण मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये वस्तीतली लसीकरणाची सत्रं बंद पडली, घरोघर फिरणाऱ्या बायका कोविडच्या सर्वेक्षणाला जुंपल्या गेल्या, कितीतरी कुटुंबं गावी गेली आणि परतेपर्यंत बाळांचं गोवराच्या लसीचं नऊ महिन्यांचं वय उलटून गेलं, हे कोण सांगणार? त्यानंतर ज्या आया मूल घेऊन गेल्या त्यांना ऐकावं लागलं, "दोनच मुलं आलीत, पुढच्या वेळी या." गोवर-रुबेलाच्या एका बाटलीत पाच-दहा डोस असतात. पावडरीत सोबतचं पाणी मिसळलं की चार तासांत वापरायची, उरलेली फेकायची. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) किंवा पोलिओची फोडलेली बाटली नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते, ही नाही चालत. वाया गेलेल्या डोसांचा जाब नको म्हणून मूल माघारी. नियम याच्या नेमका उलट आहे: एकच मूल आलं तरी बाटली फोडायची. दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई दुसऱ्यांदा येत नाही, आणि मग रजिस्टरात तिच्या नावापुढे 'नकार' लागतो. आधी येऊन गेलेल्या साहेबलोकांनी ही असली नकारांची यादी हातात धरून वस्तीला झापलं होतं.

तुम्ही एका मुलासाठी बाटली फोडलीत. पण आभार मुख्यतः त्याचे नाहीत. फोडण्याआधी तुम्ही काय केलंत, त्याचे आहेत.

निळ्या डब्यातून बाटली काढून तुम्ही ती आईच्या डोळ्यांसमोर धरलीत. टोपणावरचा ठिपका दाखवलात, बाहेर गोल, आत चौकोन. "चौकोन गोलापेक्षा फिका दिसतोय ना? दोन्ही एका रंगाचे झाले, तर उन्हात तापलेली लस समजायची, घ्यायची नाही." मग लेबलवरची मुदत वाचून दाखवलीत. तिनं मान हलवेपर्यंत थांबलात. मगच टोपण उडवलंत, पाणी मिसळलंत आणि लेबलवर वेळ लिहिलीत. पोलिओच्या बाटलीवर हा ठिपका लेबलवर असतो, गोवराच्या बाटलीवर टोपणावर. टोपण गेलं की तो पुरावाही गेला, म्हणून दाखवायचं ते आधीच दाखवावं लागतं. सिरिंजचं पाकीटही तिच्यासमोर फाडलंत. अर्धा मिलि, उजव्या दंडात, कातडीखाली. सगळं मिळून दोन मिनिटं जास्त लागली असतील.

त्या दोन मिनिटांची किंमत बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांना सॅनिटायझर पाजलं गेलं. ती बातमी इथल्या प्रत्येक मोबाइलवर आली होती. त्यानंतर "बाटलीत नक्की काय आहे?" असं आईनं विचारलं, तर तो अडाणीपणा कसा? उलट, असं विचारणारी आई घरोघर हवी. शिवाय गोवराच्या नावाखाली तान्ह्यांना कोविडची लस टोचतात, ही अफवाही होतीच. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत की सरकारी मोहिमेत कोविडची लस १२ वर्षांच्या आतल्या मुलांना दिलीच जात नाही. १२ ते १४ वर्षांच्या मुलांना ती मार्च २०२२ पासून मिळू लागली, आणि तिची बाटली वेगळी असते.

तापाचंही तसंच. "ताप येईल" एवढंच सांगून लोक मोकळे होतात. पेंटाचा ताप त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो, हे आयांना ठाऊक असतं. गोवराच्या लसीचा ताप पाचव्या ते बाराव्या दिवसात येतो, कधी सोबत पुसटसं पुरळही. हे आधी कळलं नाही, तर आठव्या दिवशी अंग तापल्यावर घरात एकच गोंधळ, आणि साथ चालू असताना तर विचारूच नका. तुम्ही दिवस मोजून सांगितलेत. सोबत खोकला, वाहतं नाक आणि लाल डोळे दिसले तर वाट न बघता दाखवायला आणा, हेही.

पॅरासिटामॉलची मात्रा तुम्ही वजन बघून कार्डाच्या मागे लिहून दिलीत. किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या बाळाला १२०. थेंबांच्या बाटलीत एका मिलित १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपच्या पाच मिलित सुमारे १२५. थेंबांचं औषध कुणी चमच्यानं पाच मिलि पाजलं तर चौपट डोस पोटात जातो. अशी चूक शिकलेल्या घरांतही होते. दोन डोसांत किमान सहा तास, हे तुम्ही खाली रेघ मारून लिहिलंत.

सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना साथीमुळे गोवराच्या लसीचा जादा डोस दिला, तेव्हा "पुन्हा नवव्या महिन्यात कशाला?" म्हणून आया कुरकुरल्या. आईकडून आलेलं संरक्षण बाळाच्या अंगात अजून शिल्लक असतं, त्यामुळे इतक्या लवकर दिलेली लस पुरती लागू पडत नाही. म्हणून तो डोस हिशेबात धरायचा नाही. हे तुम्ही प्रत्येकीला वेगवेगळं समजावलंत, आणि एकदाही "मघाशीच सांगितलं ना" म्हणाला नाहीत. माणुसकी म्हणून फार मोठं काही करावं लागत नाही, सिस्टर. समोरच्या बाईला अक्कल आहे असं धरून चाललं तरी पुष्कळ होतं, आणि तेवढंही या वस्तीच्या वाट्याला क्वचित येतं.

जादा डोस घेतलेली बाळं मार्चमध्ये नऊ महिन्यांची होतील. यादी अंगणवाडीच्या ताईंकडे दिली आहे. त्या दिवशी एकाच वेळी तीन टोचण्या असतील: उजव्या दंडात गोवर-रुबेला, डाव्या दंडात जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस, मांडीत न्यूमोनियाची लस. वर अ जीवनसत्त्वाचा एक मिलि. आयांना हे आत्ताच सांगून ठेवलंय, आयत्या वेळी कुणी दचकू नये म्हणून. कार्डं सगळ्यांची जपून आहेत. त्या सत्राला तुम्हालाच पाठवावं, असा अर्जही दिला आहे.

आपले,
वस्तीतले पालक
जानेवारी २०२३