पहिल्या दिवशी मेट्रो नको

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

गीतांजलीचं तिकीट कन्फर्म झालं, आईने लाडवांचा डबा भरायला घेतला, आता कोलकात्याबद्दल बोलायचं तेवढं माझ्याकडे उरलं. तू म्हणशील, बाबा, मोबाइलवर नकाशा आहे ना! आहे. त्यात दिसेलच की हावड्याला मेट्रो धरली की थेट सॉल्ट लेकचा सेक्टर फाइव्ह, तुझ्या ऑफिसपाशी. हुगळीखालचा अर्ध्या किलोमीटरचा बोगदा गाडी पाऊण मिनिटात पार करते. पुढे हवी तितकी जा त्यातून. पहिल्या दिवशी मात्र माझं ऐक. स्टेशनाबाहेर पड, घाटावर लाँचचं तिकीट काढ आणि नदी पाण्यावरून ओलांड.

मी १९८७ साली बदली होऊन गेलो, तेव्हा देशातली पहिली मेट्रो तिथे धावायला लागून तीन वर्षं झाली होती. पण ती नदीच्या पलीकडे. ट्रंक घेऊन लाँचमध्ये बसलो. जलपर्णीचे पुंजके वाहत चाललेले, डाव्या हाताला हावडा पूल. ७०५ मीटर लांब, नदीत खांब एकही नाही, १९४३ पासून नटबोल्टांऐवजी रिवेटांवर उभा. पलीकडच्या टोकाशी मल्लिक घाटाचा फुलबाजार. झेंडूच्या माळांचे दोरखंडासारखे वेटोळे डोक्यावर घेऊन हमाल धावत असतात. बाजूला हो, ते थांबत नाहीत.

खोली बघायला गेलो तर घरमालकीण माशिमांनी (माशिमा म्हणजे मावशी) गाव विचारलं. नागपूर म्हणताच त्या म्हणाल्या, "ओ, बोर्गी!" मला कळेना. मग कळलं, बोर्गी म्हणजे मराठे घोडेस्वार; १७४२ पासून आपल्या रघुजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालमध्ये जी लुटालूट केली, तिची धास्ती तिथल्या अंगाईगीतात आहे. त्या भीतीने कोलकात्याभोवती खंदक खणला, तो मराठा डिच. पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. खोली मिळाली, पण दोन वर्षं मी बोर्गीच राहिलो. तुलाही कोणी म्हटलं तर हसून घे. हिशेब आपल्याकडेच निघतो.

"कोलकाता संपलं" असं आपल्याकडे सहज म्हणतात, ते मला पटत नाही. १९११ ला राजधानी दिल्लीला गेली. फाळणीत तागाच्या गिरण्या हुगळीकाठी राहिल्या आणि तागाची बरीचशी शेतं सीमेपलीकडे गेली. वर रेल्वेभाड्याचं असं धोरण आलं की पोलाद देशभर एकाच भावाने मिळू लागलं. खाणी शेजारी असण्याचा बंगालचा फायदा संपला, आपल्या मुंबई-पुण्याचा झाला. तिथे कुणाशी वाद घालण्याआधी एवढं आठव.

बाकी तुझं तुला कळेलच. ट्राम जिथे उरली असेल तिथे एकदा बस, घाई नसताना. कॉलेज स्ट्रीटला पुस्तकाचा भाव करताना निम्म्यावरून सुरुवात कर. दुर्गापूजेच्या दिवसांत ऑफिसच्या कामाची आशा धरू नकोस, आणि नागपूरला पळूनही येऊ नकोस. युनेस्कोने २०२१ मध्ये ती वारशाच्या यादीत घेतली म्हणून नव्हे, पहाटे तीनला सहकुटुंब रस्त्यावर फिरणारं शहर तुला एरवी कुठे दिसायचं!

आणि घाटावर 'भांडा'तला, म्हणजे मातीच्या कपातला चहा पी. पिऊन झाल्यावर लोक ते मातीचं भांड फेकून देतात. मला पहिल्या दिवशी फेकवलं नाही. देव्हाऱ्याजवळ आई ज्यात वाती ठेवते, ते तेच. त्याला आता तडा गेलाय, येताना एक आण.

तुझा,
बाबा