निळी जर्सी बोहारणीला देऊ नकोस

काशिमा,
रविवार, रात्री अकरा

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गुडघा काय म्हणतोय? दिवसातून चारदा जिने उतरून नाक्यावर जाता, असं आईने चुगली करून सांगितलंय. तुम्ही कुपरेजच्या मैदानावर स्टॉपर (बचावफळीच्या मधोमध खेळणारे) होतात हे नाक्यावरच्या सगळ्यांना पाठ आहे, आता पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. फिजिओ सांगेल तेवढंच चाला.

परवा फोनवर विचारलंत, "जपानी लोकांना फुटबॉलचं वेड लागलं कधी?" तेव्हा मीटिंग होती म्हणून टाळलं. आज मॅच बघून आलेय, कपडेही बदललेले नाहीत, तर लिहूनच टाकते.

वेड लागलं १९९३ साली. १५ मे, तोक्योचं नॅशनल स्टेडियम, ५९,६२६ माणसं, आणि जे-लीगची, म्हणजे जपानच्या व्यावसायिक फुटबॉल लीगची, पहिली मॅच: व्हर्दी कावासाकी विरुद्ध योकोहामा मारिनोस. मारिनोस २-१ ने जिंकले. टीम फक्त दहा. बरोबरी हा प्रकारच ठेवला नव्हता, नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर जादा वेळेत पहिला गोल करेल तो जिंकला, तरीही नाही तर पेनल्टी. तुमच्या मुंबईच्या हारवूड लीगमध्ये बरोबरीवर खूश होऊन घरी येणारे तुमचे मित्र इथे टिकले नसते!

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या दहांतल्या बहुतेक टीम आधी कंपन्यांच्या होत्या. निस्सान, माझ्दा, मित्सुबिशी, टोयोटा. खेळाडू कंपनीच्या पगारावर. म्हणजे तुमच्यासारखेच, बाबा: सकाळी हजेरी लावायची, दुपारी प्रॅक्टिस, मॅच असली की हाफ-डे, आणि साहेब बदलला की किटचं बजेट बंद. लीग सुरू करणाऱ्या साबुरो कावाबुची यांनी अट घातली की टीमच्या नावात गाव पाहिजे, कंपनी नको. व्हर्दीमागे पैसा लावणाऱ्या योमिउरी वृत्तपत्राला ते अजिबात पचलं नाही. पैसा आमचा आणि नाव कावासाकीचं? पण अट राहिली.

आता मी राहते त्या काशिमाची गंमत ऐका. तोक्योपासून बसने दोन तास. पोलादाचा कारखाना, आमच्यासारखे केमिकलवाले, बाकी शेतं आणि समुद्र. त्या कारखान्याची, म्हणजे सुमितोमो मेटल्सची टीम तेव्हा दुसऱ्या विभागात खेळायची. लीगमध्ये घ्या म्हणून गेले तर कावाबुचींनी ९९.९९९९ टक्के अशक्य असं सांगितलं. छप्पर असलेलं १५,००० आसनांचं स्टेडियम बांधलंत तर बघू. साहेबांनी बहुधा कटवायला सांगितलं असणार. या लोकांनी बांधलं!

आणि झिको. हो, तुमचाच, ब्राझीलचा झिको. १९९१ साली निवृत्ती मोडून तो या आडगावात, दुसऱ्या विभागातल्या टीममध्ये आला. १६ मे १९९३ ला नव्या स्टेडियमवर लीगमधली पहिली मॅच, समोर नागोया, म्हणजे इंग्लंडच्या लिनेकरची टीम. चाळीस वर्षांच्या झिकोने हॅट्‌ट्रिक केली, काशिमा ५-०. आमच्या ऑफिसातले एक काका तेव्हा कारखान्यात होते. ते म्हणतात, त्या दिवसापर्यंत तोक्योत कुठून आलात विचारलं की ते काशिमा न सांगता नुसतं "इबाराकी" (आमचा प्रांत) सांगून मोकळे व्हायचे.

त्या हंगामाचे दोन टप्पे होते, पहिला काशिमाने जिंकला. अंतिम लढत जानेवारी ९४ मध्ये व्हर्दीशी, आणि तिथे हरले. दुसऱ्या मॅचमध्ये व्हर्दीला पेनल्टी मिळाली, तर झिको जाऊन चेंडूवर थुंकला आणि मैदानाबाहेर गेला. काका हे सांगताना अजून लाजतात, जणू स्वतःच थुंकले होते. स्टेडियमजवळ झिकोचा पुतळा आहे. मी त्याच्यासमोर उभी राहून तुमचा फातोर्ड्याच्या स्टेडियमवरचा फोटो आठवत होते, तो गोव्याचा कोच असतानाचा, आईच्या माहेरी गेलो होतो तेव्हाचा. त्यात झिको म्हणजे एक पांढरा ठिपका आहे आणि तुम्ही तो सगळ्या सोसायटीला दाखवलात.

आई, इथे स्टेडियममध्ये मोत्सुनी मिळतं, म्हणजे सरळ वजडीचा रस्सा. बाबांना आवडेल. तू नाक दाबून लांब बस.

नावात गाव घातलं म्हणून सगळं निभावलं असंही नाही. योकोहामा फ्ल्युगेल्सही त्या पहिल्या दहांतली. १९९८ मध्ये एका कंपनीने हात काढून घेतला आणि टीम मारिनोसमध्ये विलीन करायचं ठरलं. खेळाडू तरी खेळत राहिले, १ जानेवारी १९९९ ला एम्परर्स कप ही जपानची मोठी स्पर्धा जिंकली, आणि त्याच मॅचला टीम संपली. मग प्रेक्षकांनीच पदरमोड करून नवा क्लब काढला, योकोहामा एफसी. तो आजही खेळतो.

हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ गप्प बसले. तुमची टीम बंद झाली तेव्हा मी चौथीत होते. बूट वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेत, माळ्यावर टाकलेत आणि जेवायला बसलात. नोटीस बोर्डावर चार ओळी, बस्स. कोण रडणार? टीम कंपनीची, कंपनीने बंद केली. पुढे भारताची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारी पंजाबची जेसीटीसुद्धा २०११ मध्ये अशीच गेली, त्याच्या आदल्या वर्षी आपल्या मुंबईची महिंद्रा. तेव्हाही तुम्ही पेपर घडी करून ठेवलात आणि "चहा टाक" म्हणालात. मला वाटायचं, बाबांना काही वाटतच नाही.

आज माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, गळ्यात लाल मफलर. मोडक्या जपानीत सांगितलं की माझे वडील मुंबईत कंपनीच्या टीममधून खेळायचे. त्यांनी विचारलं, टीमचा रंग कोणता? मी म्हटलं, निळा. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी घालून ये, आम्ही काही बोलणार नाही.

तर आई, ती निळी जर्सी, पाठीवर पाच नंबर असलेली, मागच्या दिवाळीत तू बोहारणीच्या ढिगात काढली होतीस. बाबांनी गुपचूप परत ठेवली असेल तर गोडा मसाल्याच्या पार्सलमध्येच टाक. धुऊ नकोस, रंग जाईल. आणि बाबा, पासपोर्टची तारीख बघून मला कळवा.

तुमची,
चिमी