बाबा, दोष मशीनचाच आहे

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सगळं बोलून झालंय, तरी पत्र लिहितेय. फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि लगेच आईकडे देतात. हे तरी शेवटपर्यंत वाचाल. मुद्दाम मोठ्या अक्षरात छापून पाठवतेय, म्हणजे डोळ्यांना ताण नको.

आधी ठरलेलं सांगते. तुमचा सारखा अचानक बंद पडणारा नवा लॅपटॉप परत जातोय. बुधवारी सकाळी कुरिअरचा माणूस येऊन घेऊन जाईल. दुरुस्ती नको, बदलून नवीनच द्या, असं मी कंपनीला लेखी कळवलं आणि त्यांनी ते मान्य केलं. तुम्हाला न विचारता ठरवलं, हे तुम्हाला आवडणार नाही, मला माहीत आहे. पण बदलून देण्याची मुदत संपत आली होती. आणि विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "राहू दे, चालतंय तसं चालवू." बाबा, ते चालत नव्हतं. तुमच्या लिखाणातलं गोवळकोटच्या धक्क्याचं प्रकरण गेलं, तुम्ही रात्री जागून ते परत टाईप केलंत आणि मला एका अक्षराने बोलला नाहीत. मला आईने सांगितलं. तिच्यावर रागावू नका, ती काळजीपोटीच बोलली.

तिने आणखी एक सांगितलं, ते जास्त लागलं. "या वयात नाही जमायचं आपल्याला, माझंच काहीतरी चुकीचं दाबलं जात असणार," असं तुम्ही म्हणालात. म्हणून नेमकं काय बिघडलं होतं ते नीट लिहिते. इतकी वर्षं विज्ञान शिकवलंत, कारण कळल्याशिवाय तुम्हाला काही पटत नाही, आणि नुसतं "तुमची चूक नाही" म्हटलं तर लेक समजूत काढतेय असं वाटेल.

मशीन अचानक बंद पडलं की विंडोज त्याची नोंद ठेवतं. मी आले होते तेव्हा, तुम्ही दुपारचे आडवे झाला होतात, मी त्या नोंदी उघडून बसले. 'कर्नल-पॉवर ४१' ही ओळ पुन्हा पुन्हा होती. तिचा अर्थ एवढाच, की आधीच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नाही. का, ते त्यातून कळत नाही. कारण कळायचं तर बंद पडताना पडद्यावर येणारी ती निळी पाटी वाचायला हवी, आणि ती तर डोळ्यांसमोर येते न येते तोच मशीन पुन्हा सुरू व्हायचं. आपोआप रीस्टार्ट व्हायचा पर्याय मी बंद केला, तेव्हा कुठे पाटी थांबली. तिच्यावर एक 'स्टॉप कोड' असतो, म्हणजे विंडोज कशामुळे थांबलं त्याची खूण. आधी 'मेमरी मॅनेजमेंट' आला, नंतर 'इर्क्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', पुढे तिसराच. एखादा ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, बिघडला असेल तर सहसा तोच तो कोड येतो. दर वेळी नवा यायला लागला की मेमरीवर संशय घ्यावा.

ही मेमरी म्हणजे रॅम. काम चालू असताना मजकूर तात्पुरता तिथे राहतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये ती ८ जीबी आहे, म्हणजे साडेसहा हजार कोटींहून जास्त सूक्ष्म कप्पे. कप्प्यात विजेचा भार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार आपोआप गळत राहतो, म्हणून सेकंदाला साधारण पंधरा-सोळा वेळा तो पुन्हा भरावा लागतो. हे सगळं काम मशीन मुकाट्याने करत असतं. त्यातले थोडे कप्पे जरी सदोष निघाले, तरी ठेवलेला एक परत मागताना शून्य होऊन येतो. आणि तो नेमका विंडोजच्या स्वतःच्या कामातला असला, तर पुढचं सगळं चुकू नये म्हणून विंडोज तिथल्या तिथे काम थांबवतं. तीच ती निळी पाटी.

रात्री तुम्ही झोपल्यावर पेनड्राइव्हवरून मेमरीची चाचणी लावून ठेवली. पहाटे पाणी तापवायला उठले, तर पडद्यावर लाल ओळींची रांग लागली होती. त्यांचे फोटो पाठवले, म्हणून तर कंपनी बदलून द्यायला तयार झाली. आधी त्यांचं एकच पालुपद होतं, "रीसेट करून बघा." तेही केलं होतं. रीसेट करून सॉफ्टवेअर नवं होतं, सदोष चिप कशी नवी होईल?

आता तुमच्या दोघांच्या भांडणाचं. आईने कीर्तन लावलं की मशीन बंद पडतं, असं बाबांचं म्हणणं. बाबा जोरजोरात बटणं दाबतात म्हणून पडतं, असं आईचं. कीर्तनाचा व्हिडिओ, बाबांची फाईल आणि वर चार पानं उघडी राहिली, की मेमरी भरत जाते आणि सदोष कप्प्यांपर्यंत पोचते. कमी कामात त्यांच्यापर्यंत जायची वेळच येत नाही, म्हणून सकाळी सगळं सुरळीत चालायचं. आई, तू लाव गं खुशाल कीर्तन. तू त्यावर झाकतेस तो क्रोशाचा रुमाल मात्र मशीन पूर्ण थंड झाल्यावरच घाल, नाहीतर गरम हवा बाहेर पडायला वाट राहत नाही. रुमालामुळे हे झालं असं मुळीच नाही, पण नव्याला जपू.

आणि बाबा, "नवं कोरं असून असं कसं?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अशा वस्तू सुरुवातीच्या काळातच जास्त बिघडतात. चिपमधला जन्मजात दोष वापर सुरू झाला की लवकर वर येतो. हा काळ निभावला की पुढे बरीच वर्षं काही होत नाही, आणि मग वय झाल्यावर पुन्हा कुरबुरी. कारखान्यात चाचण्या होतात, तरी एखादं निसटतं. ते आपल्या घरी आलं. या मॉडेलमध्ये रॅम मुख्य बोर्डवरच सोल्डर केलेली आहे, एकटी बदलता येत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागतो. म्हणूनच मी दुरुस्तीला नाही म्हटलं.

स्टँडजवळ दुकान आहे तो तुमचा विद्यार्थी अर्ध्या तासात उघडून बघतो म्हणाला होता. तो हुशार आहे आणि तुमच्यासाठी त्याने एक पैसाही घेतला नसता. पण वॉरंटीत असताना बाहेर उघडलं की कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. त्याला वाईट वाटणार नाही, मी त्याच्याशी बोललेय. वॉरंटी संपल्यावर सगळं त्याच्याकडेच.

२०२४ च्या जुलैतली १९ तारीख आठवतेय ना? एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं अपडेट चुकलं आणि जगभरातली ८५ लाखांच्या घरातली विंडोज मशीन याच निळ्या पाटीवर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. पेपरातला फोटो बघून तुम्हीच मला फोन केला होतात. त्या मशीनसमोर दिवसभर हेच काम करणारी माणसं बसली होती, बाबा. त्यांनीही चुकीचं बटण दाबलं नव्हतं.

आता लिखाणाचं. एकही पान माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. सगळं उतरवून घेतलंय: एक प्रत पेनड्राइव्हवर, ती तुमच्या कपाटात आहे, एक इथे पुण्यात माझ्याकडे, आणि एक इंटरनेटवर तुमच्याच खात्यात. आई म्हणाली, "एवढ्या प्रती कशाला?" आई, २२ जुलै २०२१ ला आपण माळ्यावर बसून खाली बघत होतो, ते मला अजून दिसतं. वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी उतरल्यावर बाबांच्या वह्यांचा जो लगदा हातात आला तो मी विसरलेले नाही. वाचनालयाची पुस्तकं भिजली तेव्हा बाबा बोलून तरी दाखवत होते, स्वतःच्या वह्यांबद्दल मात्र अवाक्षर नाही. नंतर कितीतरी दिवसांनी म्हणालात, "आठवतंय तोवर परत लिहून काढतो." तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, की हे लिखाण आता एकाच घरात, एकाच कपाटात ठेवायचं नाही.

मधल्या दिवसांची सोय केलीय. माझा जुना लॅपटॉप शुक्रवारी मावसभाऊ आणून देईल. थोडा जड आहे, पण मेमरी रात्रभर तपासूनच पाठवतेय. बटणांवर मराठीचे स्टिकर लावलेत, तुम्हाला सवय झालेल्या इनस्क्रिप्ट मांडणीचेच. अक्षरं मोठी केलीत, बाणसुद्धा मोठा केलाय. फाईल दर मिनिटाला आपोआप जतन होईल, आधी ते दहा मिनिटांवर होतं. पहिल्या पानावर तीनच चित्रं आहेत: डावीकडे बाबांचं लिखाण, मध्ये आईची कीर्तनं, उजवीकडे आमच्याशी बोलायचं. नव्यावरही हीच मांडणी करून देईन, म्हणजे पुन्हा शोधाशोध नको. तोवर रविवारी फोनवरून बोलू, नातीला आजीची गोष्ट चुकवायची नाहीये. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचीही चिंता नको, त्याला अजून वेळ आहे आणि त्याचं या मशीनवर काहीच अडत नाही.

पडवीतल्या त्या टेबलाशी बसलं की मला अजून तुमच्या उत्तरपत्रिकांचा वास येतो. तुम्ही लाल पेनने खुणा करायचात आणि मी तपासून झालेल्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपायचे. आई उचलून न्यायला आली की तुम्ही हळूच म्हणायचात, "थांब, तिच्या गालाखाली दहावी ब आहे." माझ्या वह्यांना कव्हर घालताना तुम्ही कोपरे दुमडायचात, तसे मी आता लेकीच्या वह्यांचे दुमडते, पण तुमच्यासारखे टोकदार होत नाहीत. तुमच्या हाताला काही जमत नाही, हे मला कोणी सांगू नये. तुम्हीसुद्धा नाही.

आता मी सांगते तसंच करायचं, दोघांनी.

कुरिअरवाला आला की खोकं त्याला उचलू द्यायचं. बाबा, तुम्ही कमरेत वाकायचं नाही. चार्जर आतच आहे. पावतीवरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवून मगच सही करा, आणि पावतीचा फोटो मला पाठवा. पासवर्ड मागितला तर द्यायचा नाही. मी मशीन पूर्ण पुसून ठेवलंय, त्यात तुमचं काहीच उरलेलं नाही, त्यामुळे पासवर्डची गरजच नाही.

परवा आईच्या पडद्यावर लाल पाटी आली, भोंगा वाजला आणि "या नंबरवर ताबडतोब फोन करा" असं लिहून आलं. ते मशीनच्या बिघाडातलं नव्हतं, ते लुबाडणारे होते. खरी निळी पाटी कधीच फोन नंबर देत नाही. तसं पुन्हा दिसलं तर पॉवरचं बटण दाबून धरा, मशीन बंद करा आणि मला फोन करा, मी मीटिंगमध्ये असले तरी. कोणी फोनवर "आम्ही कंपनीतून बोलतोय, हे ॲप टाका, आम्ही इथून दुरुस्त करतो" म्हणालं, तर फोन ठेवून द्यायचा. उद्धटपणा वाटला तरी चालेल. आणि चुकून काही झालंच, पैसे गेले, तर लाजून लपवायचं नाही, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, कळवायचं. लवकर कळवलं तर पैसे वाटेत थांबवता येण्याची शक्यता असते. आई, हा नंबर फ्रिजवर लावून ठेव.

नव्या मशीनची एक अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की असेल, म्हणजे मशीन कुलूपबंद झालं तर उघडायचा नंबर. मी ती तुमच्या डायरीत शेवटच्या पानावर लिहून देईन. एखाद्या अपडेटनंतर मशीन ती मागू शकतं, घाबरू नका. फोनवर मात्र ती कोणालाही सांगायची नाही.

कंपनीने टाळाटाळ केली तर मी बघते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. बाबा, तुम्ही लगेच कागद-पेन घेऊन बसाल, घड्याळवाल्याच्या वेळी बसला होतात तसे. या वेळी मला लढू द्या. तुम्ही फक्त मसुदा वाचून शुद्धलेखन बघा.

रात्री दहानंतर टाईप करणं बंद. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते आईला विचारा. तासाभराने उठून पडवीत दोन फेऱ्या मारायच्या. आई, तू त्यांच्या बीपीच्या गोळीवर लक्ष ठेवतेस आणि स्वतःची संध्याकाळची विसरतेस, हे मला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नकोस.

गोवळकोटचं प्रकरण मी परवा वाचलं. परत लिहिताना तुम्ही होडीतून उतरणाऱ्या माणसांचं वर्णन आखडतं घेतलंय, पहिलं मोठं होतं असं आई म्हणते. घाई करू नका, पण ते पुन्हा येऊ द्या. आणि आजोबा धक्क्यावर कुणाची वाट बघत थांबले होते, ते तुम्ही अजून लिहिलंच नाहीये. शुक्रवारी मशीन आलं की तिथून सुरू करा. मला वाचायचंय.

तुमची,
मनू

ता. क. लॅपटॉपचं मूळ बिल लोखंडी कपाटात, आईच्या पैठणीखालच्या पाकिटात आहे. कुरिअरवाल्याला त्याची झेरॉक्सच द्यायची, मूळ बिल हातचं सोडायचं नाही.