हर्झल यांच्यातला पत्रकार

महोदय,

थिओडोर हर्झल म्हटले की ‘इस्रायलचे स्वप्न पाहणारा’ एवढ्यावरच आपण थांबतो. मला त्यांच्यातला पत्रकार अस्वस्थ करतो. १८८४ मध्ये व्हिएन्नात कायद्याची डॉक्टरेट, थोडे दिवस कोर्टात काम, मग हाती लेखणी. १८९५ च्या जानेवारीत पॅरिसचे वार्ताहर म्हणून त्यांनी कॅप्टन ड्रेफस या देशद्रोहाचा खोटा आरोप झालेल्या फ्रेंच सैन्यातील ज्यू अधिकाऱ्याची सर्वांदेखत झालेली मानहानी पाहिली. १८९७ मध्ये बासेलला पहिली झायोनिस्ट (ज्यूंसाठी स्वतंत्र मायभूमी मागणाऱ्यांची) परिषद भरली, तेव्हा त्यांचे सहकारी, लेखक मॅक्स नॉर्दाऊ साध्या कोटात आले. हर्झलनी त्यांना कपडे बदलून औपचारिक पोशाखात यायला लावले! आणि हर्झल ज्यात काम करत ते वृत्तपत्रच या चळवळीबद्दल अवाक्षर छापत नव्हते. पॅलेस्टाईनच्या भूमीतल्या अरबांचा विचार मात्र हर्झल यांच्या ‘यहुदी राष्ट्र’ या पुस्तिकेत जवळजवळ नाहीच, हे मला खटकते. १९०४ मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी ते गेले.

– एक वाचक, सातारा