‘फॅसिस्ट’ कोणाला म्हणायचे?

संपादक महोदय,

सारसबागेतली फेरी संपली की आम्ही निवृत्त मंडळी अमृततुल्यात टेकतो. परवा ‘हे सरकार फॅसिस्ट’ विरुद्ध ‘खरे फॅसिस्ट आणीबाणीवाले’ अशी जुंपली की चहावर साय धरली. दोन्ही बाजूंना इटलीत फॅसिझम आणणाऱ्या मुसोलिनीचे फक्त नाव ठाऊक!

ऑक्टोबर १९२२ मध्ये त्याच्या काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या रोमवर चालून आल्या आणि राजाने त्याला पंतप्रधान केले. १९२३ मध्ये कायदा झाला : किमान २५ टक्के मते घेऊन पहिला आलेल्या पक्षाला दोन तृतीयांश जागा. १९२४ च्या निवडणुकीतल्या दांडगाईवर संसदेत बोललेले विरोधी खासदार मातेओत्ती काही दिवसांतच मारले गेले. १९२६ मध्ये विरोधी पक्षच बेकायदा. चार वर्षे लागली, आणि बरेचसे संसदेच्या शिक्क्यानेच झाले.

त्यामुळे ‘निवडणुका होतात ना, मग कसला फॅसिझम?’ हे उत्तर मला तोकडे वाटते. पण आणीबाणीत येरवड्यात विरोधक डांबले, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, तरी १९७७ मध्ये मतदान झाले आणि सरकार पडले. मी तिला हुकूमशाही म्हणेन, फॅसिझम नाही. आजच्या सरकारबद्दलही कोणता कायदा, कोणती अटक, ते नेमके बोला. नुसती शिवीच द्यायची तर पुण्यात शब्दांची टंचाई नाही.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे