नियतकालिके पडद्यावर आली, नियतकालिक विभागाचे काय?

संपादक महोदय,

केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार संशोधनपत्रिका विद्यापीठ ग्रंथालयांना संगणकजाळ्याने जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत वाचायला मिळतात आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर आहेत. वर्गणीच्या ओझ्याखाली दबलेल्या राज्य विद्यापीठांच्या ग्रंथालयांना हा मोठाच दिलासा आहे. (पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांपुरता असल्यामुळे शिक्षणसंस्थांनी चालवलेली आपल्याकडील असंख्य महाविद्यालये त्यात येत नाहीत, तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.) मात्र या बदलामुळे ग्रंथालयाच्या आतील कामाची घडीच मोडते, याची चर्चा फारशी होताना दिसत नाही.

छापील नियतकालिकांच्या काळात ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागाचे वर्ष ठरलेले असे. दरपत्रके मागवायची, वर्गणी भरायची, टपालाने आलेल्या प्रत्येक अंकाची नोंद करायची, न आलेल्या अंकांसाठी पुरवठादाराला स्मरणपत्रे पाठवायची आणि वर्षाअखेरीस खंड पूर्ण झाले की बांधणीला द्यायचे. छापील वर्गण्या जसजशा थांबत जातील, तसतसे यातील बहुतेक काम संपेल. ते करणारे सहायक आणि परिचर मात्र त्याच टेबलांवर, त्याच पदनामांनी बसलेले असतील. पत्रिकांचा खर्च केंद्राने उचलला, पण या माणसांनी आता काय करायचे, हे विद्यापीठालाच ठरवावे लागेल. ते न ठरवल्यास काय होते, याचा अनुभव संगणकीकरणाच्या वेळी अनेक ग्रंथालयांनी घेतला आहे. मी नोकरी केली त्या ग्रंथालयात संगणक प्रणाली सुरू झाल्यावरही दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, हाताने लिहिणे वर्षानुवर्षे चालू राहिले, कारण लेखापरीक्षणात तीच मागितली जाईल अशी धास्ती होती आणि ती बंद करण्याच्या आदेशावर सही करायला कोणी तयार नव्हते. काम दुप्पट झाले आणि वाचकाला पुस्तक मात्र पूर्वीइतक्याच वेळाने मिळत राहिले.

गुणवत्तेच्या मोजमापाचेही असेच आहे. उच्च शिक्षणसंस्थांना श्रेणी देणाऱ्या 'नॅक' या परिषदेसाठीच्या स्वयंमूल्यांकनात पुस्तके व नियतकालिकांवरील खर्च, संगणकीकरण आणि ग्रंथालयाचा रोजचा वापर यांची माहिती द्यावी लागत आली आहे. हे आकडे आवश्यक आहेत, पण संशोधकाला हवा तो लेख मिळाला की नाही, हे त्यांतून कळत नाही. अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने टेक्सास ए अँड एम विद्यापीठासोबत २००० साली सुरू केलेली 'लिबक्वाल' ही पाहणी या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. तिच्या बावीस मुख्य प्रश्नांपैकी प्रत्येकाला वाचक तीन गुण देतो: किमान किती सेवा चालेल, किती हवी आहे आणि प्रत्यक्षात किती मिळते. मिळणारी सेवा किमान अपेक्षेच्याही खाली गेली असेल, तर आधी कुठे हात घालायचा हे लगेच दिसते. सरसकट 'समाधानी आहात का' असे विचारून, 'होय'वर खुणा घेऊन फाइल बंद करण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. मराठीत अशी छोटी प्रश्नावली तयार करून दरवर्षी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांकडून भरून घेणे कोणत्याही विद्यापीठाला अवघड नाही. मात्र तिचे निष्कर्ष विद्या परिषदेपुढे ठेवले जावेत, ग्रंथपालांच्या कपाटात राहू नयेत.

नियतकालिक विभागातून मोकळ्या होणाऱ्या मनुष्यबळासाठी कामाची कमतरता नाही. आवाराबाहेरून पत्रिका कशा उघडायच्या हे संशोधकांना शेजारी बसून दाखवणे, हे पहिले काम. दुसरे अधिक मोलाचे आहे. तेरा हजार पत्रिकांच्या या खजिन्यात मराठीतील संशोधनपर नियतकालिके शोधू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही. त्यांचे जुने अंक आपल्याच ग्रंथालयांत पडून आहेत, पण त्यांतील अनेकांची लेखसूची नाही, त्यामुळे मराठी साहित्य किंवा इतिहासाच्या अभ्यासकाला आजही खंडामागून खंड चाळत बसावे लागते. ज्यांनी आयुष्यभर अंक हाताळले, त्यांच्याइतके हे काम दुसरे कोण करील? अर्थात त्यासाठी प्रशिक्षण, बदललेल्या कामाचा लेखी आदेश आणि रिक्त पदांची भरती लागेल. निवृत्तांच्या जागा न भरता उरलेल्यांवर नवी कामे लादली, तर कर्मचाऱ्यांचा विरोध होणारच आणि तो गैर म्हणता येणार नाही.

२०२७ अखेर मंजूर निधीची मुदत संपेल. त्यापूर्वी उच्च शिक्षण विभागाने राज्यातील विद्यापीठ ग्रंथपालांची बैठक बोलावून कोणती कामे बंद करायची, कोणती सुरू करायची आणि कोणत्या नोंदवह्या लेखापरीक्षणासाठी खरोखर आवश्यक आहेत, याचे स्पष्ट परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सहायक ग्रंथपाल, कोल्हापूर