गिनी निर्देशांक कशाचा, तेही छापावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सर्वाधिक समानता असलेल्या देशांत भारत जगात चौथा आहे, असे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. जागतिक बँकेच्या तक्त्यात भारताचा गिनी निर्देशांक, म्हणजे विषमता शून्य ते शंभर या पट्टीवर मोजणारा आकडा, २५.५ आणि अमेरिकेचा ४१.८ आहे, हे खरेच आहे. निर्देशांक जितका कमी तितकी विषमता कमी, हेही खरे. मात्र भारताचा आकडा २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीवरून काढलेला आहे आणि अमेरिकेचा उत्पन्नावरून, त्यामुळे या दोहोंवरून क्रमवारी लावताच येत नाही.

महिना वीस हजारांत भागवणाऱ्या घरात आलेला पैसा जवळजवळ सगळा खर्च होतो. महिना वीस लाख मिळवणारे घर शंभरपट धान्य किंवा दूध विकत घेत नाही; उरलेली रक्कम ते शेअर, सोने आणि जमिनीत घालते, म्हणून खर्चातली दरी उत्पन्नातल्या दरीपेक्षा अरुंद दिसते. वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय माहितीसंग्रहाच्या अंदाजानुसार भारतातील उत्पन्नाचा गिनी निर्देशांक २०२३ मध्ये ६२ होता, आणि जागतिक बँकेच्या ज्या टिपणात २५.५ हा आकडा आहे त्याच टिपणात हाही नोंदवलेला आहे.

संपत्तीचा हिशेब आणखी वेगळा असतो. स्वीडनमध्ये उत्पन्नातील विषमता जगात कमी समजली जाते, पण संपत्तीच्या वाटपात तो देश अमेरिकेच्या पंक्तीत जाऊन बसतो. निवृत्तिवेतन आणि उपचार यांची हमी सरकार देत असल्याने तिथल्या सामान्य कुटुंबाला मोठी पुंजी साठवण्याची निकड नसते, आणि सरकारी निवृत्तिवेतनाचा हक्क संपत्तीत धरला जात नाही. दुसरीकडे मोठी घराणी आपले भागभांडवल राखून आहेत. वारसा कर २००४ च्या अखेरीस आणि संपत्ती कर २००७ मध्ये तिथे रद्द झाला. शिवाय मालमत्तेतून कर्ज वजा करण्याच्या रीतीमुळे शैक्षणिक कर्ज घेतलेला तरुण डॉक्टर कागदावर कर्जमुक्त भूमिहीन मजुराहून गरीब ठरतो. म्हणून संपत्तीचा निर्देशांक वाचताना त्या देशात म्हातारपणाची सोय कोण करतो, हे आधी पाहावे लागते.

आपल्याकडे तर मोजणीचा पायाच कच्चा आहे. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये गेली, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला, आणि त्यांच्याबरोबर विवरणपत्रांतून मिळणारी थोडीफार माहितीही आटली. उरली ती घरोघरची मालमत्ता आणि कर्जे नोंदवणारी सरकारची अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक पाहणी. २०१९ ची पाहणी आधीच्या पाहणीनंतर सहा वर्षांनी झाली. दारात आलेल्या पाहणी कर्मचाऱ्याला घरातले सोने किती आणि जमिनीचा खरा भाव काय, हे किती जण मोकळेपणाने सांगतील? अतिश्रीमंत घरे तर अशा पाहणीत क्वचितच सापडतात. म्हणूनच देशातील सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांकडे ४०.१ टक्के संपत्ती असल्याचा वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संशोधन संस्थेचा २०२२-२३ चा अंदाज अब्जाधीशांच्या याद्या जोडून बांधावा लागला. या अंदाजाविषयी मतभेद होऊ शकतात, पण मतभेद मिटवण्याइतकी माहिती गोळा करणे हे सरकारचे काम आहे, आणि ही पाहणी दर पाच वर्षांनी ठरलेल्या वेळी झाली पाहिजे.

आपल्या वृत्तपत्राला माझी एवढीच विनंती आहे की देशोदेशींच्या विषमतेची तुलना छापताना प्रत्येक आकड्यापुढे तो खर्चाचा, उत्पन्नाचा की संपत्तीचा आणि कोणत्या वर्षाचा, हे न चुकता द्यावे.

आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सातारा